फॅट किती लागली?

व्लॉग सुरू करायचं म्हणणाऱ्या पोरांचं कोल्हापुरात एक वाक्य ठरलेलं असतं. "आमच्यात काय हाय दाखवण्यासारखं? सकाळी उठायचं, धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, कॉलेजला जायचं." हे म्हणणाऱ्याचा मोबाईल उघडला तर आत पन्हाळ्यावरचं धुकं, नवरात्रात अंबाबाईच्या देवळावर केलेली रोषणाई, रंकाळ्यावरचा मावळता सूर्य आणि एखादा मिसळीचा कट सापडतो. म्हणजे चित्रण तो करतोच. पण जे हजार जणांनी आधीच केलंय, नेमकं तेच करतो. पन्हाळ्यावरचं धुकं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सारखंच दिसतं. तक्रारीचं जे वाक्य तो सहज बोलून गेला, त्यातलं दूध मात्र कोणाच्याच मोबाईलमध्ये नसतं.

त्या दुधाचंच घ्या. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ रांग लागते. किटलीतलं दूध मापात ओतलं जातं, चमचाभर नमुना मशीनकडे जातो आणि आकडा उमटेपर्यंत उभ्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मागचा विचारतो, "फॅट किती लागली?" त्या आकड्यावर दर ठरतो आणि दहा दिवसांचं बिल हलतं. चांगली लागली तर पावती खिशात घालून माणूस रांगेतच चार गोष्टी बोलत थांबतो. उतरली तर घरी चौकशी बसते: पेंड बदलली होती का, नुसता ओला चाराच घातला का, का धार काढताना रेडकू जास्त पिऊन गेलं? जिल्ह्याचा दूध संघ, ज्याला सगळे गोकुळ म्हणतात, तो 1963 सालचा. तेव्हापासून हा प्रसंग गावोगावी रोज दोनदा घडतो. त्याला सुरुवात आहे, वाट पाहणं आहे, निकाल आहे. कथा लिहिणारे ह्याच तीन गोष्टींसाठी डोकं खाजवत बसतात. पण दूध घालणाऱ्याला तो प्रसंग वाटत नाही, कारण तो रोजचा आहे.

साध्या विषयाचा धसका नवीन माध्यमाला फार उशिरा लागतो, सुरुवातीला नसतोच. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 चा. कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा फार लांब असतात एवढंच सांगतो. सगळं एकोणीस सेकंदांत आटोपतं. त्याच्या शंभर-एक वर्षं आधी, 1899 मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशातून मागवलेला कॅमेरा मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये नेला आणि काय चित्रित केलं? कुस्ती. कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. पण देशात नुकत्याच आलेल्या यंत्रासमोर उभी करायला सावेदादांनी राजवाडा शोधला नाही, दोन पैलवान शोधले, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

आणि दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्याच्या आदल्या वर्षी लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या फाळक्यांना भांडवल हवं होतं. सिनेमा म्हणजे काय हे पैसेवाल्यांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर बघता बघता दाण्याला कोंब फुटला आणि वेल वर चढली. 'अंकुराची वाढ' असं त्या छोट्या फिल्मचं नाव. ती पाहून कर्ज मिळायची वाट मोकळी झाली. घरच्या वाटाण्याइतकी सामान्य गोष्ट दुसरी कुठली असणार! पाहणाऱ्यांनी वाटाणा शेकडो वेळा खाल्लेला होता, पण तो उगवताना सलग कोणी पाहिला नव्हता.

व्लॉग शिकवणाऱ्यांनी हा वाटाणा पहिल्या दिवशी समोर ठेवायला हवा. त्याऐवजी ते कॅमेऱ्याची किंमत सांगत बसतात.

कोल्हापुरात असा वाटाणा पंचगंगेच्या घाटावर आहे. जूनच्या सुरुवातीला घाटाच्या पायऱ्या उघड्या असतात, कपडे धुणं चाललेलं असतं, पोरं पोहत असतात. जुलैत पाणी चढायला लागलं की सगळं शहर एकच प्रश्न विचारतं: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये धोक्याची रेषा कितीतरी खाली राहिली आणि माणसं होडीतून घराबाहेर काढावी लागली. त्या दिवसांचे व्हिडिओ हजारोंनी आहेत, आणि बहुतेक सगळे पाणी घरात आल्यावरचे. घाटासमोरच्या एकाच जागेवरून, मोबाईल एकाच उंचीवर धरून, जून ते सप्टेंबर रोज तीन सेकंदांचं चित्र घेतलं तर चार महिन्यांत सहा मिनिटांचा ऐवज होतो. पूर आला नाही तरी त्यात नदी चढते, उतरते, रंग बदलते. मध्ये एखादा दिवस चुकला तर चुकला. जागा मात्र बदलायची नाही, नाहीतर चढलं काय ते कळायचं नाही.

रोज थोडं हा एक मार्ग. दुसरा मार्ग एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकटून बसण्याचा, आणि त्यासाठी गुऱ्हाळासारखी जागा नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर जाऊन गुळाच्या ढेपांसमोर फोटो काढणारे पुष्कळ असतात. पण गंमत ढेपेत नाही, तिच्या आधीच्या दोन-तीन तासांत आहे. चरकातून आलेला रस काहिलीत पडतो तेव्हा तो मळकट, हिरवट असतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सरकवत राहतात. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढून टाकली की खालचा रस उजळायला लागतो. मग फुगे बदलतात, आधी बारीक, मग मोठे आणि जड. एका टप्प्यावर गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळवून बघतो आणि काहील उतरवायची की नाही ते ठरवतो. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. त्या क्षणी कॅमेरा पाकावर नको, गुळव्याच्या तोंडावर हवा. पाक कसा झालाय ते पाहणाऱ्याला त्या तोंडावरूनच कळतं.

इथे धंद्यातल्या दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. काहिलीची वाफ लेन्सवर बसते, म्हणून खिशात मऊ सुती फडकं असावं आणि दर चित्राआधी लेन्स पुसावी. मोबाईलचं निम्मं धुरकट चित्र बोटांच्या तेलकटपणामुळे येतं, स्वस्त कॅमेऱ्यामुळे नव्हे. दुसरी गोष्ट आवाजाची. चरक चालू असताना गुळव्याशी बोलायला जाऊ नये. यंत्राचा घरघराट वेगळा मिनिटभर घ्यावा आणि बोलणं आधण उतरल्यावर, जरा बाजूला झाडाखाली घ्यावं. चित्र हललं तर बघणारा चालवून घेतो. आवाज ऐकू आला नाही तर तो पुढच्या व्हिडिओवर जातो. रंकाळ्याच्या वाऱ्यात तर साधा वायरचा इअरफोन सदऱ्याच्या आत अडकवून बोललं तरी पुष्कळ फरक पडतो. बाकी सामानाची चर्चा पहिल्या वर्षी करूच नये.

चित्र घेताना नवशिक्याचा हात फिरत राहतो, एका दमात छतापासून जमिनीपर्यंत सगळं दाखवायची घाई. त्यापेक्षा एक चित्र लांबून, एक हातांचं, एक चेहऱ्याचं, आणि प्रत्येक वेळी मनात दहा मोजेपर्यंत हलायचं नाही. दहा मोजणं सोपं वाटतं. पाचाच्या पुढे हात शिवशिवायला लागतो.

कोल्हापूरकराने तर हे सगळं परकं मानूच नये. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार होते. फाळक्यांचं काम पाहून त्यांनी इथेच स्वतःचा कॅमेरा बनवायचा घाट घातला. आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी काम पुरं केलं. खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ आजही त्याच इतिहासाची आठवण म्हणून उभा आहे. 1920 मध्ये 'सैरंध्री' आला, पुराणातलाच. पण 1925 मध्ये, पडद्यावर देव, राक्षस आणि मावळे यांचीच चलती असताना, बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जात जमीन गेलेला आणि शहरात गिरणीत मजुरी करणारा शेतकरी, असा त्याचा नायक. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. पुराणाला चटावलेल्या प्रेक्षकांनी त्याला फारसा हात दिला नाही, हेही सांगायला हवं. साधं दाखवलं की लोक उड्या टाकतात असं कोणी आश्वासन देत असेल तर ते खोटं आहे. पण मूकपटांच्या इतिहासात आज त्याच सिनेमाचं नाव आदराने निघतं.

अलीकडचं उदाहरण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावचं. 2020 मध्ये सुमन धामणे या आजींना शाळकरी नातवाने पावभाजी करायला सांगितली. ती इतकी जमली की नातवाने 'आपली आजी' नावाने चॅनेलच सुरू केलं. आजींना यूट्यूब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे त्या बावरल्याही. काही महिन्यांत लाखो लोक त्यांच्या घरच्या मसाल्याच्या भाज्या बघायला लागले. यातला नातू महत्त्वाचा. त्याने स्वतःला मध्ये आणलं नाही. व्लॉग म्हटलं की स्वतःचं तोंड लांब काठीवर धरून बोलत चालायचं, अशी समजूत न्यूयॉर्कच्या केसी नाइस्टॅटसारख्यांचे व्हिडिओ बघून जगभर पसरली. लाजाळू माणसाची निम्मी अडचण तिथेच असते. ज्याला स्वतःवर कॅमेरा नको, त्याने तो आजीवर, वस्तादांवर, चपलेला वेणी घालणाऱ्या कारागिरावर धरावा आणि आपण मागून प्रश्न विचारावेत.

प्रश्न आपल्याच बोलीत विचारावेत. घरी "काय करालाईस?" म्हणणारं पोर कॅमेरा चालू झाला की "नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत" असं बातम्या दिल्यासारखं बोलायला लागतं, आणि समोरची आजीही मग सावरून बसते. कागलच्या आनंद यादवांनी 1971 मध्ये 'गोतावळा' ही अख्खी कादंबरी शेतगड्याच्या तोंडी, त्याच्या बोलीत लिहिली. गुरंढोरं आणि शेतकाम, एवढंच त्याचं जग. छापील पुस्तकात जे चाललं, ते पाच मिनिटांच्या व्हिडिओत अडायचं कारण नाही. नमस्काराला तर फाटाच द्यावा. बघणारा पहिल्या काही सेकंदांत थांबायचं की जायचं ते ठरवतो, त्या सेकंदांत काहील उकळताना दिसावी.

पैशाचं विचारतातच, म्हणून तेही. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं ही अट आहे. दूध घालून मिळणारं बिल त्यापेक्षा लवकर येतं. नोकरी किंवा म्हशी, दोन्हीपैकी काहीही त्या भरवशावर सोडू नये.

आणि परवानगी. तालमीत वस्तादांना, गुऱ्हाळात मालकाला, दूध संस्थेत चेअरमनना आधी विचारावं. रांगेतल्या माणसाची पावती, खात्याचा नंबर, लहान पोरांची शाळा चित्रात येऊ देऊ नये. घरच्यांचं चित्रण तर टाकण्याआधी घरच्यांना दाखवलंच पाहिजे. आई बहुतेक दोन हरकती घेते, मागच्या पसाऱ्यावर आणि अंगावरच्या जुन्या साडीवर. पसाऱ्यासाठी तिची समजूत घालून बघावी, कारण घर त्यानेच घर दिसतं. साडीसाठी ती अडून बसली तर ते चित्र काढून टाकावं आणि उद्याच्या धारेला पुन्हा घ्यावं. म्हैस उद्याही तेवढ्याच वाजता दूध देणार असते.