गाऱ्हाण्याचा टाळ

माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की समाजआरतीसाठी दिंड्या तळावर जमतात. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मगच आरती.

घाटकोपरला आमच्या भाच्याचे इंजिनिअरिंगचे वर्ष गेले, तेव्हा मला ही रीत वारंवार आठवे. मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता, आणि याची गणिताची केटी राहिली होती. घर गप्प झाले. ताई शेजाऱ्यांना ‘कॉलेजला गेलाय’ सांगे. तो डबा घेऊन निघे, लोकलने कल्याणपर्यंत जाई आणि परत येई. नापास होण्यापेक्षा हे सोंगच माणसाला जास्त दमवते, असे माझे मत आहे.

एकादशीला हरिपाठानंतर त्याला एवढेच विचारले, “बोल बाबा, काय अडलंय?”

पाऊण तास बोलला. “मामा, मला इंटिग्रेशन बारावीपासूनच येत नाही. आता कुणाला विचारू?”

त्याला आळशी म्हणणाऱ्या आम्हा कोणालाच हे ठाऊक नव्हते. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे गणिताचे एक निवृत्त मास्तर आहेत, मुलुंडचे. त्यांनी इंजिनिअरिंगचे पुस्तक बाजूला ठेवून आधी बारावीचेच उघडले. रोज संध्याकाळी दोन तास, मग हरिपाठ.

पुढच्या परीक्षेत पेपर सुटला. ताईने शेजारी पेढे वाटले, आणि कशाचे तेही खरे सांगितले.