मॅडम, घरी मराठी बंद करू का?

एप्रिलमध्ये शाळेचे नवे सत्र सुरू झाले की इंग्रजीच्या शिक्षिकेच्या वाट्याला एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी नववी-दहावीत, नाहीतर अकरावीत आलेली असते. आईवडील भेटायला येतात, इकडचे-तिकडचे बोलणे होते आणि मग आई हळूच विचारते, "मॅडम, इंग्रजी सुधारावं म्हणून घरी मराठी बोलणं बंद करू का?"

भिलाईत मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवले. या प्रश्नाला माझे उत्तर कधी बदलले नाही. "नका करू," एवढेच मी म्हणे. पण एवढ्याने पालकांचे समाधान होत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. मुलाची नोकरी, मुलाखत, मोठ्या शहरातले कॉलेज, या सगळ्याचा घोर त्यांना लागलेला असतो. म्हणून शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला नेमके काय चालते आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आज जरा सविस्तर सांगते.

आमचे भिलाई हे गावच मुळी अनेक भाषांनी वसवलेले. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब अशा सगळ्या प्रांतांतून माणसे आली. नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी माणसेही आली आणि इथलीच झाली. त्यांच्या नातवंडांच्या तोंडी घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि शाळेत इंग्रजी असते. एवढ्या भाषा खेळवणाऱ्या मुलाला भाषेचे अंग नाही, असे कोण म्हणेल?

अमेरिकेतल्या हायस्कुलांत इंग्रजी, पत्रकारिता आणि भाषणकला असे वेगवेगळे विषय घेता येतात. आमच्या नात्यातल्या एका मुलीने तिकडे हे तिन्ही घेतले, तेव्हा इथे सगळ्यांना मोठे अप्रूप वाटले. वास्तविक आपल्या सीबीएसईच्या इंग्रजीतही हे तिन्ही आहेत. ते एकाच दप्तरात कोंबलेले असल्यामुळे पालकांना दिसत नाहीत, इतकेच.

अकरावीच्या मुलांना छोटी जाहिरात आणि भित्तिपत्रक करावे लागते. १२० ते १५० शब्दांचे भाषण लिहावे लागते, वादविवादातली एक बाजू मांडावी लागते. ही झाली भाषणकला. बारावीला सूचना, निमंत्रण, संपादकांना पत्र, लेख आणि वृत्तांत असतो. ही पत्रकारिता. बारावीच्या १०० गुणांपैकी वाचनाला २२, लेखनाला १८ आणि साहित्याला ४० गुण आहेत. उरलेले २० शाळेच्या हाती असतात. त्यातले १० ऐकण्या-बोलण्याचे आणि १० प्रकल्पाचे. 'फ्लेमिंगो' या बारावीच्या पुस्तकात तर मुलाखत याच विषयावर एक धडा आहे आणि त्यात उंबर्तो इको या इटालियन लेखकाची मुलाखतही आहे. ज्यांना याहून पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी मंडळाने 'मास मीडिया स्टडीज' हा ऐच्छिक विषय ठेवला आहे. मात्र तो सगळ्याच शाळांत मिळत नाही.

आता हे सारे पाहा. यात मुलाने कोणते सूर लावून बोलावे, साहेबासारखा उच्चार करावा, असे कुठे आहे? मुलाने पाहावे, विचारावे, ऐकावे आणि मग जे कळले ते नीट क्रमाने सांगावे, एवढीच मागणी आहे. इंग्रजी हे सांगण्याचे साधन. सांगण्यासारखे काही तरी आधी जवळ असावे लागते. आणि ते बहुतेक वेळा घरच्या भाषेतच गोळा होते.

छत्तीसगढच्या पत्रकारितेची गोष्ट सांगू लागले तर पहिले नाव एका मराठी घरातल्या माणसाचे येते. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१चा. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. ते जेमतेम तीन वर्षे चालले, पण त्याचे नाव आजही आदराने घेतात. याच सप्रेंनी समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. घरची मराठी त्यांच्या हिंदीच्या आड आली नाही. उलट मराठी होती म्हणून हिंदीला देण्यासारखे एवढे त्यांच्यापाशी होते. आज रायपूरला, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. तिथे प्रवेश मिळेल न मिळेल, पण वृत्तांत लिहायची पहिली शाळा आपले घरच असते.

हे मला एका मुलीने शिकवले. अकरावीतली, हुशार आणि अबोल. ती सहावीत असताना घरी कुणीतरी सल्ला दिला आणि आईवडिलांनी तिच्याशी मराठी बोलणे थांबवले. घरात मोडक्या-तोडक्या इंग्रजीचा आणि हिंदीचा कारभार सुरू झाला. कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा घरातच होते. त्यांना दोन्हींत गप्पा मारता येत नसत. "जेवलात?", "पाणी देऊ?" एवढ्यावर आजोबा-नातीचे बोलणे येऊन ठेपले होते.

मी वर्गाला काम दिले होते : कारखान्यात काम केलेल्या एका माणसाची मुलाखत घ्या आणि त्यावर तीन मिनिटांचे भाषण तयार करा. या मुलीने वहीत लिहून आणले की माझे आजोबा फार थोर आहेत, कष्टाळू आहेत, शिस्तीचे भोक्ते आहेत. व्याकरणाची एक चूक नव्हती. पण आजोबांच्या जागी कुणाचेही आजोबा चालले असते. मी तिला विचारले, "ते घरून किती वाजता निघायचे? डब्यात काय असायचं? पहिल्या दिवशी भीती वाटली का?" तिला एकाचेही उत्तर माहीत नव्हते. म्हटले, "जा, विचारून ये. मराठीत विचार आणि मराठीतच लिहून आण. इंग्रजीचं आपण मग बघू."

चार दिवसांनी ती आली ती अर्धी वही भरून. आजोबा १९५८ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले, हेल्पर म्हणून लागले. रशियन इंजिनियर खुणेने काम सांगायचा. दुभाषी जवळ नसला की खुणा आणि दोन-चार शब्द, एवढ्यावर दिवस निभायचा. काम मनासारखे झाले की इंजिनियर म्हणायचा, "खराशो!" म्हणजे छान. तो शब्द आजोबांच्या जिभेवर कायमचा बसला. भाकरी चांगली टम्म फुगली की अजूनही ते "खराशो" म्हणत. आणि ही मुलगी लहानपणापासून समजत होती की हा त्यांच्या गावाकडचा एखादा मराठी शब्द असेल!

तिने भाषण याच शब्दापासून सुरू केले. इंग्रजीत दोन-तीन ठिकाणी काळ चुकला, एके ठिकाणी शब्द आठवेना म्हणून ती थांबली. पण वर्ग जागचा हलला नाही. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ऐकत होती, कारण प्रत्येकाच्या घरी असा एक आजोबा किंवा काका होता आणि त्याला कुणी काही विचारले नव्हते. दुसऱ्या वर्षी ते आजोबा वारले. त्यांच्या आयुष्याची त्यांच्याच तोंडून झालेली नोंद म्हणून घरात आज एवढेच आहे : मराठीतली अर्धी वही आणि इंग्रजीतले दीड पान. तिच्या आईने मला ते दीड पान दाखवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मॅडम, आम्ही पुन्हा मराठीच बोलतो हो घरी."

बोलण्याबद्दल आणखी एक सांगायचे आहे. भाषण म्हटले की आपण पाठांतर समजतो. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे चढवायचा, हेसुद्धा पढवतो. आमच्या भागात तर बोलण्याचा केवढा मोठा नमुना समोर होता! पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. बायकांनी बसून पंडवानी गावी अशी रीत होती. तीजनबाईंनी मात्र हाती तंबुरा घेऊन, उभे राहून महाभारत सांगितले. तोच तंबुरा भीमाची गदा व्हायचा आणि अर्जुनाचे धनुष्यही. पुढे भिलाई कारखान्याने त्यांना नोकरी दिली, त्यांची कला परदेशांत गेली आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ती सारी मान्यता त्यांना त्यांच्या छत्तीसगढी बोलीतच मिळाली. वर्गात मी मुलांना सांगे : त्या कुठे थांबतात ते ऐका, समोरच्याकडे कशा पाहतात ते बघा. जो आपली गोष्ट आपलीच म्हणून सांगतो, त्याचे लोक ऐकतात.

याचा अर्थ घरी मराठी बोलले की इंग्रजी आपोआप येईल, असा मात्र नाही. इंग्रजीला रोजचा सराव लागतोच. रोज दोन पाने वाचावीत, रोज दहा ओळी लिहाव्यात, त्याला पर्याय नाही. ज्या घरात इंग्रजीचे वारेही नाही, तिथल्या मुलाला शाळेने जास्त हात द्यायला हवा. आमच्या राज्यात २०२० पासून स्वामी आत्मानंदांच्या नावाने सरकारी इंग्रजी शाळा निघाल्या, तेव्हा अशा कित्येक घरांतली मुले पहिल्यांदाच या भाषेपुढे उभी राहिली. माझे म्हणणे इतकेच की इंग्रजी घरात आणताना आधीची भाषा बाहेर काढू नये.

मग काय अपेक्षा ठेवावी? पहिली गोष्ट, मूल गाईडातले उतरवणे सोडून स्वतःचे लिहू लागले की सुरुवातीला चुका वाढतात. तेवढ्यासाठी लगेच शिकवणी लावू नका. ती चांगली खूण असते. दुसरी गोष्ट, वहीवरच्या लाल शाईपेक्षा मुलाने काय लिहिले आहे ते आधी वाचा. तिसरी, वर्षाच्या शेवटी मुलाला चार अनोळखी माणसांसमोर तीन मिनिटे उभे राहता आले, एखाद्या घटनेचा वृत्तांत सरळ लिहिता आला आणि समोरच्याला नेमका प्रश्न विचारता आला, तर इंग्रजीचा तास सार्थकी लागला असे समजा. झकास उच्चार पुढे येतील, न आले तरी अडत नाही.

आणि घरी काय करावे? रात्री जेवताना मुलाला दिवसातली एकच बातमी सांगायला लावा. शाळेतली, गल्लीतली किंवा पेपरातली. काय झाले, कुठे, केव्हा, कुणाचे, का आणि कसे, हे सहा प्रश्न तुम्ही विचारा. हे सगळे खुशाल मराठीत होऊ द्या. मग झोपण्याआधी तीच बातमी त्याने चार ओळी इंग्रजीत लिहावी. पंधरा मिनिटांचे काम आहे, पैसा लागत नाही.

मात्र एक पथ्य पाळा. मूल बोलत असताना मध्येच "असं नाही, असं म्हण" असे म्हणून त्याला तोडू नका. चुका नंतर दाखवता येतात. बोलायला निघालेले मूल एकदा गप्प बसले, तर त्याला पुन्हा बोलते करणे कुठल्याही भाषेच्या शिक्षकाला फार जड जाते.