टायबरकाठची सुरखी

रोमच्या काम्पो मार्झिओ या पुरातन पेठेत व्हिया दी पाल्लाकोर्दा नावाची एक आखूड गल्ली आहे. जिच्यावरून तिला हे नाव पडले ती क्रीडा भिंतींच्या आड, मधोमध ताणलेल्या दोरीवरून चेंडू टोलवून खेळली जाई आणि आजच्या टेनिसची ती पूर्वज होय. सतराव्या शतकाच्या आरंभी या भागात तिची क्रीडागृहे होती; त्यांतल्याच एकाच्या आसपास २८ मे १६०६ रोजी काराव्हाज्जो या विख्यात चित्रकाराच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या इसमाचा वध झाला. भांडण पैजेच्या पैशावरून पेटले, की त्यामागे जुने वैर होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु चित्रकाराविरुद्ध देहदंडाचे फर्मान निघाले, तो पोपच्या अंमलाबाहेर पळाला, आणि १६१० मध्ये मरण पावेपर्यंत रोमचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. दरवर्षी मे महिन्यात रोमला लाल मातीवरची जी इटालियन टेनिस स्पर्धा भरते ती पाहण्यास निघालेल्या प्रवाशाने या गल्लीतून प्रस्थान ठेवावे, असे मला आधीपासून वाटत होते, आणि मी तसेच केले.

येथून उत्तरेस चालत गेले की थोड्याच वेळात पियाझ्झा देल पोपोलो हा विस्तीर्ण चौक लागतो. त्याच्या कडेच्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये काराव्हाज्जोची दोन चित्रे आजही त्यांच्या मूळ जागी आहेत: संत पीटरला उलटे क्रुसावर चढविले जात असल्याचे एक, आणि संत पॉल घोड्यावरून खाली कोसळल्याचे दुसरे. अंधारातून तिरपा येणारा तो प्रकाश, आणि क्रूस उचलणाऱ्या मजुराचे प्रेक्षकाकडे वळलेले ते मळकट तळपाय ज्याने पाहिले, त्याला देवळाबाहेरच्या उन्हात पुन्हा येताना क्षणभर थांबावे लागते. चौकाच्या मध्यभागी इजिप्तमधील हेलिओपोलिसचा पाषाणस्तंभ उभा आहे. फॅरो सेती आणि रामसेस यांच्या काळी तो घडला, इजिप्त जिंकल्याची साक्ष म्हणून सम्राट ऑगस्टसने तो रोमला आणविला, आणि १५८९ मध्ये पोप पाचवा सिक्स्टस याने तो या चौकात उभा करून त्याच्या शिखरावर क्रूस बसविला. सत्ता बदलली की स्तंभ हलवावा, किंवा निदान त्याचा अर्थ तरी बदलावा, ही या नगरीची जुनी रीत आहे, आणि दिवस मावळण्यापूर्वी तिचे आणखी एक उदाहरण दिसणार होते.

चौकाच्या वेशीबाहेर फ्लामिनिओचे स्थानक आहे. तेथून दोन क्रमांकाची ट्राम सुटते आणि इसवी सनापूर्वी २२० मध्ये गायुस फ्लामिनियस याने आखलेल्या फ्लामिनियन मार्गाने नाकासमोर उत्तरेकडे धावते. शतकानुशतके युरोपच्या उत्तर भागातून येणारे यात्रेकरू, राजदूत आणि आक्रमक सैन्ये याच मार्गाने रोमच्या वेशीशी पोहोचली. आज ट्रामच्या खिडकीतून पिएर लुइजी नेर्व्हीने १९६० च्या ऑलिंपिकसाठी उभारलेले घुमटाकार क्रीडागृह दिसते, आणि आजूबाजूस रॅकेटच्या पिशव्या खांद्यावर अडकवलेली मुले व उन्हाच्या टोप्या घातलेल्या वृद्ध जोडप्यांची दाटी असते. शेवटचा थांबा पियाझ्झा मांचिनी. येथून हाकेच्या अंतरावर मिल्वियन पूल आहे. इसवी सन ३१२ मध्ये त्याच्याजवळच्या लढाईत कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंटियसचा पराभव केला, मॅक्सेंटियस टायबरमध्ये बुडाला, आणि रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माच्या भाग्योदयाचा आरंभ झाला. मला मात्र दुसऱ्या, १९३९ मध्ये पुरा झालेल्या दूका दाओस्ता पुलावरून नदी ओलांडायची होती.

पुलावर पाऊल ठेवताच समोर, माँते मारिओ टेकडीच्या हिरव्या पार्श्वभूमीवर, पांढरा शुभ्र स्तंभ येतो आणि त्याच्यावर उभ्या ओळीत कोरलेली मोठी अक्षरे दुरूनही वाचता येतात: मुसोलिनी दूक्स. कारारा येथील खाणीतून काढलेला सुमारे ३०० टनांचा अखंड संगमरवर बैलांच्या कित्येक जोड्या लावून डोंगरावरून समुद्रापर्यंत ओढत आणला गेला, तराफ्यावर चढवून टायबरच्या प्रवाहातून वर नेला गेला, आणि १९३२ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्या वेळी या सबंध क्रीडासंकुलाचे नावच फोरो मुसोलिनी होते. एन्रीको देल देब्बिओ या वास्तुशिल्पज्ञाने त्याची आखणी केली होती. याहून विलक्षण गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. स्तंभाच्या पायाखाली सुवर्णनाण्यांसह एक चर्मपत्र पुरलेले आहे आणि त्यावर लॅटिन भाषेत मुसोलिनीच्या राजवटीची स्तुती लिहिलेली आहे. हा दस्तऐवज समकालीनांसाठी नव्हताच. कधीकाळी हा स्तंभ कोसळेल, भग्नावशेष उकरणारे पुराणवस्तुसंशोधक येतील आणि त्यांना तो सापडेल, या अपेक्षेने तो पुरला होता. मूळ प्रत दगडाखालीच आहे. त्याच काळी इतरत्र छापल्या गेलेल्या मजकुरावरून दोन अभ्यासकांनी २०१६ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला. आपल्या विनाशानंतरच्या वाचकाला आधीच उद्देशून लिहिणाऱ्या त्या राजवटीचा अंत स्तंभ उभा राहिल्यानंतर अवघ्या अकरा-बारा वर्षांत झाला.

स्तंभामागील प्रशस्त मार्गावर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची नक्षी आहे. प्राचीन रोमन स्नानगृहांच्या फरसबंदीची ती नक्कल असून तिच्यात मल्ल, धावपटू आणि जलचर यांच्या सोबतीने 'दूचे' (नेता, म्हणजे मुसोलिनी) हा शब्द पुनःपुन्हा गुंफलेला आहे. स्पर्धेच्या दिवसांत या मार्गावरून हजारो माणसे आइस्क्रीम चाखत चालतात आणि पायांखालची अक्षरे बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. १९६० च्या ऑलिंपिकच्या सुमारास काही लेख पुसण्यात आले. २०१५ मध्ये इटलीच्या लोकप्रतिनिधी सभागृहाच्या तत्कालीन अध्यक्षा लाउरा बोल्द्रिनी यांनी स्तंभावरील नाव काढून टाकावे असे सुचविले, तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि नाव राहिले. मला विचाराल तर ते राहावे. मात्र त्या राजवटीने काय केले याचे निवेदन करणारा फलक तेथे, त्याच उंचीच्या अक्षरांत नसला तरी नजरेत भरेल असा, अवश्य असावा.

या स्पर्धेचा जन्म रोममध्ये झाला नाही. काउंट आल्बेर्तो बोनाकोस्सा यांच्या पुढाकाराने ती १९३० मध्ये मिलानला सुरू झाली आणि पहिल्या वर्षी पुरुषांत अमेरिकेचा बिल टिल्डन, स्त्रियांत स्पेनची लिली आल्व्हारेझ विजयी झाली. १९३५ मध्ये ती या संकुलात आली, आणि लगेच खंडित झाली. १९५० मध्ये पुन्हा भरली तेव्हा राजवट, संकुलाचे नाव आणि अर्धा युरोप बदलून गेला होता. त्या वर्षी जिंकलेला यारोस्लाव द्रोब्नी हा स्वतःच आपल्या चेकोस्लोव्हाकिया देशातून परागंदा झालेला खेळाडू होता.

ज्या मातीसाठी एवढा प्रवास केला ती मुळात माती नव्हेच. भाजलेल्या विटांची व कौलांची ती पूड आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या चुन्यात जी मिसळत ती सुरखी. रोमन गवंडीही पाण्याच्या टाक्यांसाठी चुन्यात हीच पूड घालीत. टेनिसशी तिचा संबंध १८८० च्या सुमारास जोडला गेला असे सांगतात: इंग्लंडचे रेन्शॉ बंधू फ्रान्समधील कान येथे हिरवळीवर टेनिस शिकवीत, उन्हाने गवत करपू लागले, तेव्हा शेजारच्या व्हालोरिस गावच्या कुंभारवाड्यातील फुटक्या भांड्यांची पूड त्यांनी त्यावर पसरविली. आजच्या कोर्टात खाली दगड व खडीचे थर असतात आणि सुरखीचा थर वर केवळ काही मिलिमीटर. तेवढ्यानेच खेळ पालटतो. चेंडू भूमीला घासून वेग गमावतो व उंच उसळतो. वेगवान सर्व्हिसची धार बोथट होते. टॉपस्पिनला बळ येते. खेळाडूला घसरत जाऊन फटका मारता येतो. आणि जो गुण हिरवळीवर दोन फटक्यांत संपला असता तो वीस फटक्यांपर्यंत लांबतो. याच संकुलात २००५ मध्ये स्पेनचा नदाल आणि अर्जेंटिनाचा कोरिया यांचा अंतिम सामना पाच तास चौदा मिनिटे चालला. पुढल्या वर्षी नदाल व फेडरर यांचाही पाच तासांहून अधिक.

या भूमीचा मला सर्वांत प्रिय वाटणारा गुण म्हणजे ती साक्ष देते. चेंडू जेथे टेकतो तेथे लांबट वण उमटतो. रेषेवरून वाद निघाला की पंच आपल्या उंच आसनावरून उतरून येई, वणाजवळ वाकून निरखी, बोटाने दाखवी आणि निवाडा देई. ही पद्धत मातीच्या कोर्टांखेरीज कोठे नव्हती. २०२५ पासून पुरुषांच्या एटीपी मालिकेतील स्पर्धांत रेषांचा फैसला यंत्रनेत्रांकडे सोपविला गेला आहे. त्याच वसंतात माद्रिदला जर्मनीच्या झ्वेरेवने वणाचे छायाचित्र आपल्या मोबाइलवर टिपले, कारण यंत्राचा निर्णय आणि जमिनीवरचा वण त्याला जुळताना दिसेना. यंत्र बहुधा अधिक अचूक असेल. वण वाऱ्याने व धुळीने विकृत होतो, हेही खरे. तरीही डोळ्यांसमोर पुरावा असताना त्याकडे पाहण्याची मनाई असावी, हे मला रुचत नाही.

मुख्य कोर्ट २०१० चे, काँक्रीटचे आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. संकुलाचे हृदय आहे ते त्याच्या शेजारचे, पूर्वी पाल्लाकोर्दा याच नावाने ओळखले जाणारे आणि २००६ पासून निकोला पिएत्रांजेली यांचे नाव धारण करणारे कोर्ट. ते भूमीच्या पातळीखाली आहे. भोवती संगमरवरी पायऱ्या, आणि वरच्या कडेवर अठरा भव्य नग्न खेळाडूंचे पुतळे. शेजारच्या स्तादिओ देई मार्मी या मैदानाभोवतीही असे सुमारे साठ पुतळे आहेत, परंतु ते रिकाम्या मैदानाकडे पाहत असल्याने मला निष्प्राण वाटले. येथे पायऱ्यांवर जागा न मिळालेली माणसे पुतळ्यांच्या पायथ्याशी, त्यांच्या सावलीत दाटीवाटीने उभी राहतात, पाइन वृक्षांचा गंध येतो, आणि विटकरी, शुभ्र व हिरव्या या तीन रंगांत चेंडूचा आवाज एवढा स्वच्छ ऐकू येतो की डोळे मिटूनही फटक्याचा जोर कळावा.

टेनिसपटू पिएत्रांजेली यांचा जन्म १९३३ मध्ये ट्यूनिस येथे, इटालियन पिता व रशियन माता यांच्या पोटी झाला. डेव्हिस करंडकात त्यांनी खेळलेल्या १६४ सामन्यांचा आणि जिंकलेल्या १२० सामन्यांचा विक्रम आजही अबाधित आहे. २०२५ च्या डिसेंबरात ते निवर्तले. त्यांचा वारसा आला तो आद्रियानो पानात्ता याच्याकडे. रोममधल्या पारिओली टेनिस क्लबच्या रखवालदाराचा हा मुलगा. १९७६ मध्ये पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या किम वॉर्विकविरुद्ध अकरा मॅच पॉइंट वाचवून त्याने ही स्पर्धा जिंकली, पाठोपाठ पॅरिसचीही जिंकली, आणि डिसेंबरात पिएत्रांजेली यांच्या नेतृत्वाखाली इटलीचा संघ डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीसाठी हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत गेला. तेथे जाऊच नये असे इटलीत अनेकांचे म्हणणे होते. संघ गेला, पण दुहेरीच्या सामन्यात पानात्ता व बेर्तोलुच्ची लाल सदरे घालून उतरले, आणि त्या राजवटीच्या निषेधाची ती खूण होती. तथापि रोमचा प्रेक्षक सदैव या खेळाडूंइतका उदात्त राहिला, असे म्हणता येणार नाही. १९७८ मध्ये पानात्ताच्या उपांत्य सामन्यात प्रेक्षकवर्गाने इतका उपद्रव दिला की स्पेनचा होसे हिगेरास खेळ सोडून निघून गेला, आणि अंतिम सामन्यात बोर्गवर नाणी फेकली गेली. आतिथ्याला लागलेला तो डाग आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही.

स्त्रियांच्या स्पर्धेला या नगरीने दिलेली वागणूक त्याहून दीर्घकाळ अनुदार होती. १९८० ते १९८४ त्यांची स्पर्धा पेरूजिया येथे आणि १९८५ मध्ये दूर दक्षिणेस तारांतो येथे भरविली गेली. १९८६ मध्ये ती भरलीच नाही. १९८७ मध्ये त्या रोमला परतल्या. परतल्यानंतर अर्जेंटिनाच्या गाब्रिएला साबातिनीने चार वेळा येथे विजय मिळविला आणि प्रेक्षकांनी तिला आपल्या कन्येसारखे मानले. आपल्या सानिया मिर्झाने २०१६ मध्ये मार्टिना हिंगिससह येथेच दुहेरीचे अजिंक्यपद पटकावले. आणि २०२५ मध्ये जास्मिने पाओलिनीने, राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला उपस्थित असताना, कोको गॉफला ६-४, ६-२ असे नमवून एकेरी जिंकली; १९८५ मध्ये तारांतोला जिंकलेल्या राफाएल्ला रेज्जीनंतर चाळीस वर्षांनी इटालियन स्त्री विजयी झाली होती. दुसऱ्या दिवशी सारा एर्रानीसह तिने दुहेरीही जिंकली, आणि इटलीच्या पदरी त्या वर्षी पडलेला एकेरीचा चषक तिचाच. पुरुषांत इटलीचा सिन्नर अंतिम सामन्यात अल्काराझकडून हरला. एवढे असूनही त्या वर्षी एकेरीच्या विजेत्या स्त्रीला मिळालेली रक्कम विजेत्या पुरुषापेक्षा कमीच होती. पुरुषांचा अंतिम सामना पाच सेटांचा असे तेव्हा निदान श्रमाचे कारण पुढे करता येई. २००७ पासून तोही तीन सेटांचाच आहे, भूमी तीच आहे, आणि पिएत्रांजेली कोर्टाच्या कडेवर पुतळ्यांमध्ये उभे राहून सामना पाहणारा प्रेक्षकही तोच आहे. ही तफावत ठेवण्यास कोणते सबळ कारण उरते, ते मला दिसत नाही.