नाममुद्रा आणि वार्ता

दलित साहित्याच्या मराठी समीक्षेने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी जुळवलेले नाते आता जुने झाले आहे. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतल्यानंतर ही तुलना आपल्याकडे रुजली. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' (१९७८) या ग्रंथाने तिला अभ्यासाची बैठक दिली, १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. तथापि कविता, आत्मकथन आणि विद्रोह यांच्यापाशी ही तुलना बव्हंशी थांबली. लेरॉय जोन्स यांनी 'ब्लूज पीपल' (१९६३) मध्ये संगीत हाच एका समाजाचा इतिहास मानून वाचला. भीमराव कर्डक आणि कृष्णा किरवले यांच्यासारख्यांचे लेखन सोडले, तर आंबेडकरी गीताला असे वाचन क्वचितच लाभले. गीत लोकसाहित्याच्या खात्यात जमा झाले आणि वृत्तपत्र पत्रकारितेच्या. या दोहोंचा संबंध काय, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

मला तो प्रश्न कनेरगाव नाक्याने घातला. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे हे गाव मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवर आहे. १९५६ पर्यंत अलीकडे हैदराबाद राज्य होते, तर पलीकडे वऱ्हाड. दोन्हीकडची दैनिके एस.टी.ने येत: एक गठ्ठा औरंगाबादकडचा, दुसरा अकोल्याकडचा. वार्ताहर, विक्रेता आणि जाहिराती गोळा करणारा असा एकच माणूस असे. त्याची बातमी 'आमच्या वार्ताहराकडून' एवढ्या ओळीखाली छापली जाई. त्याचे नाव कुठे नसे. त्याच चौकात कॅसेटच्या दुकानातून एप्रिल महिनाभर भीमगीते वाजत. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र ठसठशीत असे. गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत, पुष्कळदा तेही नसे. परंतु गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येई आणि रचना कोणाची, हे चहाच्या टपरीवरच्या निरक्षर माणसालाही कळे.

वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) अनेक गीतांत वापरलेली ही नाममुद्रा संतपरंपरेतून आलेली आहे. तुकोबांचे नाव अभंगात जसे शेवटी येते, तसेच हे. आंबेडकरी वृत्तपत्रानेही आपले मस्तक याच परंपरेकडून घेतले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. म्हणजे वार्तापत्राच्या माथ्यावर गाणे होते, तर जलशाच्या गाण्यात वार्ता होती. सभा, सत्याग्रह, परिषदा यांचे वृत्त जलसाकार गावोगाव पोचवीत. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते, त्यांच्यासाठी जलसा हेच वृत्तपत्र होते. १९०५ मध्ये सुरू झालेले 'शिकागो डिफेंडर' रेल्वेतील कृष्णवर्णीय पोर्टर दक्षिणेत नेत आणि तेथे ते मोठ्याने वाचून दाखविले जाई; त्याची येथे आठवण होते. मात्र एक भेद दृष्टीआड करून चालणार नाही. तिकडे वृत्तपत्राला आवाज मिळाला, आपल्याकडे आवाजच वृत्तपत्र झाला.

या आवाजाची गरज १९७८ मध्ये प्रकर्षाने दिसली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलैला झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले; तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेला आमचा परिसरही त्या भीतीत जगला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतची सोळा वर्षे छापील रकान्यांनी आकड्यांत नोंदवली. गावांची आणि मेलेल्यांची नावे मात्र मी गाण्यांतून पाठ केली. वार्तेची सत्यता पडताळण्याचे साधन गीताजवळ नसते, हे मान्य करावे लागेल; पण कोणाचे नाव विसरू नये, ही संपादकीय दृष्टी त्याच्याजवळ होती. पत्रकारितेच्या इतिहासात तिची नोंद व्हावयास हवी.

आता दोन्ही माध्यमे बदलली आहेत. 'शिकागो डिफेंडर'ची छपाई २०१९ मध्ये थांबली. कॅसेट गेली, गठ्ठ्याची वाट पाहण्याची सवयही उरली नाही. बातमी आणि गाणे आज एकाच फोनवर, एकाच आकाराच्या तुकड्यांत येतात. प्रसार विलक्षण वाढला आहे आणि तरुण गायक रॅपच्या ठेक्यावर आंबेडकरी आशय मांडीत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात बहुधा ध्रुपद राहते आणि शेवटचे कडवे गळते. नेमकी तेथेच नाममुद्रा असते. कॅसेटच्या व्यापाराला जे पुसता आले नव्हते, ते या कापण्याने सहज पुसले जाते. ज्या समाजाला लेखक म्हणून स्वतःचे नाव लावण्याचा अधिकार इतक्या उशिरा मिळाला, त्याच्या बाबतीत ही केवळ तांत्रिक हानी नव्हे.

म्हणून पाठसमीक्षेच्या अभ्यासकांना एक साधी विनंती करावीशी वाटते. भीमगीतांचे संकलन करताना ध्रुपदावरून गीताची नोंद करण्याची रूढी सोडावी. शेवटचे कडवे आधी उतरून घ्यावे. त्याखाली गायक, वाद्यवृंद, गाव आणि वर्ष लिहावे. आणि जुन्या दैनिकांच्या फाइली चाळताना 'आमच्या वार्ताहराकडून' या ओळीमागचा माणूस कोण होता, हेही त्या त्या गावात जाऊन विचारावे. सांगणारी माणसे अजून आहेत.