मॉडपोस्ट गप्प का होतं?

बोर्ड एरवी नीट सुरू व्हायचा. सेन्सरचं मॉड्यूल उशिरा जागं झालं तरच कर्नल कोसळायचा, आणि ऊप्समध्ये, म्हणजे कोसळतानाच्या नोंदीत, दर वेळी तोच आकडा: ई७एफडीडीईएफ०. ३२ बिट आर्मवर काम करणाऱ्याला हा आकडा दिसला की फार शोधावं लागत नाही. बूट झाल्यावर कर्नल आपली इनिट मेमरी सोडून देतो आणि सोडण्याआधी तिच्यात हाच आकडा भरतो. प्रोसेसरच्या लेखी ती बेकायदा सूचना. लग्न लागल्यावर मांडव उतरवतात, तसंच हे. आमचा ड्रायव्हर मांडव उतरल्यावर जेवायला येत होता.

ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये एका फंक्शनचा पत्ता कॉलबॅक म्हणून पुढे दिला होता आणि त्या फंक्शनवर इनिटची खूण होती. सेन्सर वेळेवर आला तर सगळं बूटमध्येच उरकायचं. उशीर झाला की डिफर्ड प्रोब, म्हणजे तोच प्रोब नंतर पुन्हा, आणि मग थेट मोकळ्या केलेल्या जागेत उडी. इतपत लगेच कळलं. पण अशी चूक पकडायला कर्नलच्या बिल्डमध्ये मॉडपोस्ट असतं. ते रीलोकेशनच्या नोंदी तपासतं आणि कायमच्या कोडमधून कोणी इनिट विभागात हात घातला की ‘सेक्शन मिसमॅच’चा इशारा देतं. इथे ते गप्प का बसलं?

शेजारचा म्हणाला, ‘अरे, मॉडपोस्टचं काय मनावर घेतोस, ते अननोनच छापतं.’ खरं होतं ते. आमच्या लॉगमध्ये काही इशारे कायमचे मुक्कामाला होते, आणि त्यांत ज्याचं नाव हवं नेमकं तिथेच ‘अननोन’. निनावी तक्रारीमागे कोण धावणार?

शेवटी मॉडपोस्टचा कोड उघडला. रीलोकेशन सांगतं की या जागी अमुक चिन्हाचा पत्ता, अधिक इतकं अंतर, भरा. हे अंतर म्हणजे अ‍ॅडेंड. ६४ बिट इंटेलवर नोंदीतच त्याचा वेगळा रकाना असतो. ३२ बिट आर्मवर नसतो. पत्ता जिथे भरायचा त्याच बाइटांत तो दडवलेला असतो आणि दर प्रकाराची दडवायची रीत निराळी. एबीएस३२ असेल तर चारही बाइट म्हणजेच अ‍ॅडेंड. फंक्शन कॉल असेल तर खालचे २४ बिट घ्यायचे, चिन्ह सांभाळून चौपट करायचे आणि त्यात ८ मिळवायचे, कारण आर्ममध्ये पीसी दोन सूचना पुढे धरतात. मूव्हडब्ल्यू-मूव्हटीच्या जोडीत १६ बिट, तेही ४ आणि १२ असे तोडलेले. थंबमध्ये त्याचेही आणखी तुकडे. ती आकृती मी छापून मॉनिटरला चिकटवली.

आमच्या झाडातलं, म्हणजे आमच्या कर्नलच्या सोर्समधलं, मॉडपोस्ट एबीएस३२चे बाइट वाचतच नव्हतं. सिम्बॉल टेबलमधली नोंद त्याच्या स्वतःच्या मेमरीत जिथे होती, तो पॉइंटर इंटमध्ये कोंबून त्यालाच अ‍ॅडेंड म्हणत होतं. कॉलचंही तसंच: सूचनेतला मजकूर सोडून ती ठेवलेल्या जागेचा पत्ता. असल्या अंतरावर कुठलं नाव सापडणार! आणि मूव्हडब्ल्यू-मूव्हटी तर त्याच्या यादीतच नव्हते. अनोळखी प्रकार आला की मुकाट्याने पुढची नोंद. आर्मव्ही७साठी कंपायलर पत्ता उचलायला हीच जोडी सर्रास वापरतो; आमचा कॉलबॅकही तसाच उचललेला.

मूळ कर्नलमध्ये हे सगळं २०२३ सालीच, ६.५ आवृत्तीत, दुरुस्त झालं होतं. कर्नलची बिल्ड यंत्रणा, केबिल्ड, तेव्हा सांभाळणारे मासाहिरो यामादा यांचे ते पॅच. आमचं झाड मात्र चिपसोबत आलेलं, जुन्या आवृत्तीवर गोठलेलं; पॅच जसेच्या तसे बसेनात. ते बसवणं कटकटीचं होतं, पण खरी मजा पडताळणीत आली. प्रत्येक प्रकारासाठी एक छोटी मुद्दाम चुकीची फाइल लिहिली आणि ऑब्जडम्प शेजारी उघडून ठेवला. लिंक न झालेला कॉल तिथे ईबीएफएफएफएफएफई असा दिसतो. खालचे २४ बिट म्हणजे उणे २, चौपट केले की उणे ८, त्यात ८ मिळवले की शून्य. मॉडपोस्टनेही शून्य छापलं, आणि त्याखालच्या इशाऱ्यात फंक्शनचं पूर्ण नाव! त्या दिवशी कॅन्टीनचा चहाही बरा लागला.

मग इशाऱ्यांची रांग लागली. ‘कालपर्यंत बिल्ड स्वच्छ होतं, तू घाण केलीस,’ असं आमच्या लीडने ऐकवलं, अर्धं गमतीत. आमच्या ड्रायव्हरमधली दुरुस्ती एका शब्दाची होती: इनिट खोडलं. पण ते खोडण्याआधी मॉडपोस्टचे पॅच झाडात जावेत, असा हट्ट मी धरला. जुन्या कोडवर इशारा येतो हे सगळ्यांना दाखवायचं होतं. तो आला, नावानिशी.

इशारा आला की बिल्डच थांबवायची सोय कॉन्फिगमध्ये आहे. ती अजून चालू केलेली नाही. चिपसोबत आलेल्या ड्रायव्हरांमधले काही इशारे शिल्लक आहेत, आणि तो कोड कोणी हात लावायचा यावर चर्चा चालू आहे.