गुडघ्याचे नऊ महिने

माणसाला गुडघा असतो, हे तो बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या गुडघ्यातला बंध कबड्डीत तुटला. डॉक्टरांनी मांडीमागचीच दोरी काढून तिथे बसवली. म्हणजे खात्यातल्या खात्यात बदली! मग भूमिती सुरू झाली : या आठवड्यात ९० अंश, पुढे १२०. तीन महिन्यांत दुखणं थांबलं आणि मी खेळाची चड्डी शोधू लागलो. घरी व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नव्हे. नवी दोरी आत अजून मुरतेय. नऊ महिने मैदान बंद.”

“नऊ महिने?” मी किंचाळलो.

“आम्ही बायका नाही काढत?” स्वयंपाकघरातून सौ.

दहाव्या महिन्यात धडधडत्या छातीने चढाईला गेलो. गुडघा टिकला. दम मात्र पहिल्या ‘कबड्डी’लाच सुटला!