नियम एक, पण संधी?

अमेरिकेत हौशी लोकांच्या मोटार शर्यती पुष्कळ होतात. १९४४ साली स्थापन झालेला 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' त्या भरवतो. मोकळ्या मैदानात शंकू मांडून घड्याळ लावायचे, असाही त्यांचा एक प्रकार आहे. त्यात 'स्टॉक' नावाचा वर्ग होता. २०१४ पासून त्याला 'स्ट्रीट' म्हणतात. कल्पना साधी आहे. गाडी दुकानातून घेतली तशीच आणायची, बदल अगदी मोजके. आठवडाभर ज्या गाडीने कामावर जायचे, तीच रविवारी पळवायची.

आमच्या घरातला मुलगा गॅरेजमध्ये काम शिकतो. त्याने आम्हांस विचारले, "कंपनीनेच शर्यतीचे सामान बसवून गाडी विकली, तर ती स्टॉक की नाही?" कागदावर उत्तर 'होय' असेच येते. पण कागदावरच्या उत्तरावर थांबावे, असे आम्हांस वाटत नाही.

शेव्हरोले कंपनीच्या कॅमेरो गाडीचे उदाहरण घ्या. अशाच 'शोरूम' वर्गाच्या लांब शर्यतींत तिचे ब्रेक टिकत नसत. म्हणून १९८८ साली 'वन-एल-ई' हा संच आला. त्यात मोठे ब्रेक आणि ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह शाफ्ट होता. परंतु त्याची जाहिरात नव्हती. ठरावीक ॲक्सल मागायचा आणि एअर कंडिशनर नको म्हणायचे, की हा संच मिळे. ज्याला ही खूण ठाऊक, त्यालाच ती गाडी. पहिल्या वर्षी अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. नियम मोडला नाही, पण दार सर्वांना उघडे होते काय?

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९० च्या दशकात डॉज निऑन या लहान, स्वस्त गाडीचा 'एसीआर' प्रकार निघाला. चारही चाकांना डिस्क ब्रेक, कडक सस्पेन्शन आणि चैनीला फाटा. साध्या पगारदारालाही त्यामुळे मैदानात उतरता आले. अशा गाडीला बाहेर काढणे म्हणजे गरिबाचेच दार लावणे होय.

मोटार पळवणे हा काही पोटाचा प्रश्न नव्हे, हे आम्ही जाणतो. पण समतेची पारख लहान गोष्टींतही होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत पूज्य बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. मत सर्वांचे एक, पण जगण्याची संधी एक नाही. शर्यतीची रेषा सर्वांना एक आणि गाडी मिळण्याची वाट निराळी, हे त्याच जातीचे दुखणे आहे.

म्हणून आमचे मत असे. गाडी कारखान्यात सजली, एवढ्यावरून तिला हाकलू नये. ती उघडपणे, पुरेशा संख्येने, सामान्य माणसाला मिळते का, ते पाहावे. क्लबच्या नियमांतही, यादीत नाव नसलेल्या गाडीला १२ महिन्यांत किमान १,००० गाड्या तयार झाल्याची अट राहिली आहे. ती अट योग्य आहे. जी गाडी मूठभरांसाठीच बनते, तिला तिच्या तोडीच्या गाड्यांबरोबर वेगळ्या वर्गात पळू द्यावे. त्यात तिचा अपमान नाही आणि साध्या गाडीवाल्यावर अन्यायही नाही.

मुलांनी नियम वाचावा, आणि तो कोणाला आत घेतो व कोणाला बाहेर ठेवतो, हेही विचारावे.

जय भीम!